विश्लेषण : सर्व्हरने नवा आयपी पत्ता आधी का वापरावा?

मोबाइलवर साधे संकेतस्थळ उघडताना ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा’ अशी चौकट येते. चूक तुमची नसते. अनेकदा कारण असते जुन्या आयपी पत्त्यांची टंचाई.

टंचाई का झाली?

जुना आयपीव्ही४ पत्ता ३२ बिटचा, म्हणजे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. मग मोबाइल कंपन्यांनी शेकडो ग्राहक एकाच पत्त्यामागे बसवले. त्यातल्या एकाने उपद्व्याप केला की सगळेच संशयित! आयपीव्ही६ पत्ता १२८ बिटचा असल्याने ही अडचण उरत नाही. जिओची २०१६ मध्ये सुरू झालेली सेवा आयपीव्ही६वर उभी राहिली आणि आज हे पत्ते वापरण्यात भारत आघाडीच्या देशांत आहे.

मग निवड कोण करतो?

इथे गल्लत होते. संकेतस्थळाचे दोन्ही पत्ते नोंदलेले असतील, तर निवड तुमचा फोन करतो. ब्राउझर आधी नवा पत्ता वापरून पाहतो. साधारण पाव सेकंदात उत्तर आले नाही, तर जुन्यावरही प्रयत्न सुरू करतो.

सर्व्हरची स्वतःची पसंती लागते ती तो दुसऱ्याशी बोलतो तेव्हा. पैसे भरण्याची सेवा, ओटीपी, ई-मेल वगैरे. २०१२ पासूनचा प्रमाण नियमही ‘नवा आधी’ असाच आहे. उबुंटू, डेबियनमध्ये ‘जीएआय डॉट कॉन्फ’ या फाइलमध्ये एक ओळ निष्क्रिय ठेवलेली असते. तिच्यापुढचे हॅश चिन्ह काढले की क्रम उलटतो, जुना पत्ता आधी. त्यामुळे नव्याला पसंती द्यायची तर बहुतेकदा नवे काही लिहायचे नसते, कोणीतरी पूर्वी केलेला बदल काढायचा असतो.

तो बदल करतात तरी का?

कारण सर्व्हरवरच्या अनेक प्रोग्रॅमना ब्राउझरसारखी घाई नसते. नवा मार्ग मध्येच तुटलेला असेल, तर लिनक्स मूळ मांडणीनुसार दोन मिनिटांहून अधिक वाट पाहू शकते. तोवर ग्राहक ‘पेमेंट सुरू आहे’कडे बघत बसतो. कधी समोरच्या बँकेच्या परवानगी यादीत फक्त जुना पत्ता असतो. जीमेलही आयपीव्ही६वरून येणाऱ्या मेलसाठी त्या पत्त्याची उलटी डीएनएस नोंद मागते. रात्री दोन वाजता हे सगळे कोण तपासणार? ओळ बदलली, काम भागले! पण दोष तसाच राहतो.

योग्य क्रम वेगळा आहे. आधी फक्त आयपीव्ही६ वापरून बाहेरचा प्रत्येक संपर्क तपासावा. भागीदारांना नवा पत्ता कळवावा, डीएनएस नोंद करावी, मगच ती ओळ पुन्हा निष्क्रिय करावी. सर्वांत धोक्याची जागा फायरवॉल. ‘आयपीटेबल्स’चे नियम फक्त आयपीव्ही४ला लागू होतात. नव्या पत्त्यासाठी वेगळे नियम लिहिले नाहीत, तर डेटाबेसचे दार रस्त्यावर उघडे राहू शकते.

खर्चाचा मुद्दाही आहे. अॅमेझॉनची क्लाउड सेवा १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यामागे तासाला अर्धा सेंट आकारते.

तुमचा फोन कुठल्या पत्त्यावर आहे? वाय-फाय बंद करून अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ पाहा. आयपी पत्त्यापुढे २ने सुरू होणारी, कोलनने तोडलेली लांब ओळ दिसली, तर तुम्ही नव्या पत्त्यावर आहात.