जुना संगणक मंद का होतो?

घिवलीला आम्ही एका घरी गेलो होतो. तिथे मासळीचा हिशेब जुन्या संगणकावर ठेवतात. संगणक फार मंद चाले. "नवाच घ्या," असे लोक सांगत. पण पैसे कुठून आणायचे?

आधी मंद का, ते पाहू. बाजारात मावशी मासळी घेऊन बसतात. पुढ्यात पाटी, मागे बर्फाची पेटी. पाटीतली मासळी चटकन हाती येते. पेटीतली काढायला वेळ लागतो. संगणकाचेही तसेच आहे. रॅम ही त्याची पाटी, डिस्क ही पेटी. चालू काम रॅममध्ये असते. रॅम भरली की काही काम डिस्कवर जाते. डिस्कवरच्या त्या जागेला पेजिंग फाइल म्हणतात.

घरच्या मुलाला वाटले, ही जागाच काढली तर वेग वाढेल. त्याने ती बंद केली. झाले उलटेच! रॅम भरली, काम ठेवायला जागा नाही. हिशेब अर्ध्यावरच बंद पडला.

मग करावे काय? कंट्रोल पॅनेल, सिस्टिम, अ‍ॅडव्हान्स्ड, परफॉर्मन्स या वाटेने ती जागा सापडते. ती किती असावी, ते विंडोजलाच ठरवू द्यावे. नको ते प्रोग्रॅम बंद करावेत. आपोआप सुरू होणारेही थांबवावेत. तेवढ्याने भागले नाही, तर रॅमची पट्टी वाढवावी. मात्र जुनी पट्टी दुकानात दाखवावी. डीडीआर २ च्या जागी डीडीआर ३ बसत नाही.

त्या घरी पट्टी घ्यावी लागली नाही. हिशेब पुरा झाला, आणि पैसेही वाचले.