खोलीही वाजते

सोनाळ्यासारख्या गावात स्लॅबचं नवं घर बांधलं, की जुन्या मातीच्या घरात गोड लागणारं भजन तिथे घुमतं, शब्द कळेनासे होतात. आपण दोष देतो स्पीकरला. पण कानावर पडतं त्यात खोलीचाही वाटा असतो. विजापूरच्या गोल घुमटात एक टाळी अनेकदा परत येते. घरात ती इतक्या लवकर परतते, की वेगळी ऐकू न येता मूळ आवाजात मिसळते.

हिशेब करून पाहू. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या भिंतींत ३.४३ मीटर, म्हणजे सव्वाअकरा फूट अंतर असेल, तर ५० हर्ट्‌झचा खर्ज भिंतींपाशी फुगतो आणि मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. म्हणूनच डग्गा एका खुर्चीत दणकतो, दुसरीत पोकळ लागतो. कोपऱ्यातला स्पीकर हा खर्ज आणखी वाढवतो.

तेव्हा नवा संच घेण्याआधी आपण स्पीकर कोपऱ्यातून काढू, भिंतीवर गोधडी टांगू. गोधडीने वरचे सूर आवरतील. खर्जासाठी मात्र स्पीकरची नि आपली जागाच बदलावी लागेल.

मग खोलीवाचूनचा निव्वळ ‘मूळ आवाज’ घरात आपण कधी ऐकतो का? नाही. ऐकतो तो आवाज आणि खोली, दोन्ही मिळून.