एल्डरबेरी : फळाचे गुण आणि कच्चेपणाचा दोष

सर्दी-पडशाच्या दिवसांत अलीकडे रुग्णच विचारतात, “वैद्यराज, मुलाने परदेशातून एल्डरबेरीचे सरबत पाठवले आहे, घेऊ का?” औषधालयांतही त्याच्या बाटल्या व चघळायच्या गोळ्या दिसू लागल्या आहेत. त्यामुळे या फळाचा परिचय आपणांस असणे अगत्याचे झाले आहे.

सॅम्ब्युकस नायग्रा हे युरोपातील मोठे झुडूप. त्याच्या काळ्या-जांभळ्या फळांचे घोस खाली लोंबतात. त्याच कुळातील सॅम्ब्युकस एब्युलसचे घोस ताठ उभे असतात व ती फळे विषारी मानली जातात. बृहत्त्रयीत या वनस्पतीचा उल्लेख नाही. तेव्हा तिचे रस-वीर्य-विपाक अंदाजाने ठरवून सांगण्याचा मोह टाळावा.

१०० ग्रॅम फळांत सुमारे ३६ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, ७ ग्रॅम तंतू व २८० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. जांभळा रंग अँथोसायनिनांचा. मात्र निव्वळ क जीवनसत्त्वासाठी हे फळ आणवायचे असेल, तर आपला आवळा कितीतरी सरस!

खरी सावधानता कच्च्या फळाबाबत हवी. पाने, साल, मूळ व कच्ची फळे यांत सॅम्ब्युनायग्रिन असते आणि त्यापासून सायनाइड निर्माण होते. १९८३ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे परगण्यात पाने-फांद्यांसह पिळलेला कच्चा रस पिऊन ११ जणांना मळमळ-वांतीचा त्रास झाला. आठ जणांना हेलिकॉप्टरने रुग्णालयात न्यावे लागले. शिजवल्याने हा दोष बराच कमी होतो. म्हणून सुकी फळे विक्रीस ठेवणाऱ्यांनी ग्राहकास स्पष्ट सांगावे की, स्वरस वा हिम करू नये. देठ-पाने काढून, नीट उकळूनच वापरावे. भल्लातक शोधनाशिवाय न देणाऱ्या वैद्यांस हे निराळे समजावून सांगावयास नको.

उपयोगाबाबत पुरावा दुहेरी आहे. २००४ साली नॉर्वेत ६० रुग्णांवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्लूची लक्षणे सरासरी चार दिवस आधी शमली. परंतु २०२० साली अमेरिकेत ८७ रुग्णांवरील अभ्यासात लाभ आढळला नाही. ‘फ्लूवर रामबाण’ असे लिहून विकणे त्यामुळे प्रामाणिकपणाचे ठरत नाही. तीव्र ज्वर व श्वासकष्ट असलेला रुग्ण सरबताच्या भरवशावर घरी राहिला, तर हानी त्याचीच.

गर्भिणी, स्तनदा व प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे यांना हे देऊ नये. मधुमेही रुग्णाची बाटली हाती घेऊन त्यातील साखर आधी वाचावी.