आम्लनाशक गोळीच्या वेष्टनावर काय लिहिलेलें असतें?

जेवणानंतर छातींत जळजळूं लागलें कीं दुकानांतून एखादी गोळी आणून चघळावी, ही रीत आतां पुष्कळ घरांत रूढ झाली आहे. गोळी कोणती, हें आपण बहुधा नांवावरून किंवा जाहिरातीवरून ठरवितों. वेष्टनावरील बारीक अक्षर वाचण्याची तसदी फारच थोडे लोक घेतात.

जठरांत अन्नपचनासाठीं हायड्रोक्लोरिक आम्ल स्रवतें. तें वर अन्ननलिकेंत चढलें म्हणजे जळजळ होते. अमेरिकेंतील 'टम्स' ह्या गोळीच्या साध्या प्रकारांत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट असतें. नांव भारदस्त खरें, पण वस्तु म्हणजे शुद्ध केलेली चुनखडीच. (वर्गांतील खडू मात्र पुष्कळदां जिप्समचा असतो, तो कोणी चघळून पाहूं नये!) ह्या पदार्थाचा आम्लाशीं संयोग होऊन आम्लाचा जोर मोडतो व कार्बन डायऑक्साइड वायु सुटतो. ढेकर आला म्हणजे गुण आला, असें कित्येक समजतात. वस्तुतः पोटांत वायु उत्पन्न झाला, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें.

दुसऱ्या कांहीं गोळ्यांत मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम ह्यांचीं हायड्रॉक्साइडें एकत्र आढळतात. पहिल्यानें शौचास पातळ होतें, दुसऱ्यानें मलावरोध होतो. म्हणून ही जोडी जमविलेली असते.

आतां 'अल्का-सेल्टझर' पाहा. पाण्यांत टाकतांच फसफसणारी ही गोळी अमेरिकेंत १९३१ सालीं निघाली. हिच्या मूळ प्रकारांत १९१६ मिलिग्रॅम सोडियम बायकार्बोनेट व १००० मिलिग्रॅम सायट्रिक आम्ल असतें. आणि त्यांच्या सोबतीला ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन! डोकेदुखीसाठीं घातलेलें हें औषध जठराच्या अस्तरास अपाय करूं शकतें. २०१६ सालीं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें इशारा दिला कीं, ॲस्पिरिनयुक्त आम्लनाशकांमुळें पोटांत गंभीर रक्तस्राव होऊं शकतो. साठी ओलांडलेल्यांस, पूर्वीं व्रण झालेल्यांस आणि रक्त पातळ करणारें औषध घेणारांस हा धोका अधिक. शिवाय एका गोळींत ५६७ मिलिग्रॅम सोडियम आहे. दिवसाकाठीं सोडियम २००० मिलिग्रॅमहून कमी असावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे दोन गोळ्यांतच निम्म्याहून अधिक वांटा संपला. रक्तदाबाच्या रोग्याला हें कोण सांगणार? जाहिरात तर नाहींच.

आपल्याकडील गोळ्यांच्या वेष्टनावरहि घटक छापलेले असतात, परंतु बहुधा इंग्रजींत. घरांतील आजीआजोबांस ते वाचून दाखविणें हें शाळकरी मुलांस सहज साधण्याजोगें काम आहे. आधीं प्रत्येक गोळींतील घटक व त्यांचें वजन वाचावें, मग चोवीस तासांतील कमाल मात्रा, मग सूचना. लोहाच्या गोळ्या व टेट्रासायक्लिनसारखीं औषधें आम्लनाशकाबरोबर घेतल्यास अंगीं नीट लागत नाहींत. दोहोंमध्यें किती तासांचें अंतर ठेवावें, तें डॉक्टरांस विचारावें. टम्सची कमाल मात्रा दोन आठवड्यांहून अधिक काळ घेऊं नये, असें वेष्टनावरच बजावलेलें आहे.

आणि शौचास काळें होत असेल, घास गिळतांना अडकत असेल, किंवा छातींतील कळ डाव्या हाताकडे अगर जबड्याकडे जात असेल, तर गोळी शोधीत बसूं नये. रोग्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें.