शहरांतील भूक व सरकारी माप

पोट भरणें आणि अंगीं लागणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें कोणतीही सुगरण सांगेल. परंतु शहरांतील गरिबांच्या अन्नाचा प्रश्न आला म्हणजे हा साधा विवेक सुटतो.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा 2013 सालीं झाला व प्राधान्य कुटुंबांतील दर माणशीं दरमहा 5 किलो धान्याचा हक्क मिळाला. हें कार्य मोठें आहे, हें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. पण खेड्यांत शेंकडा 75 लोकांस लागू असलेल्या या हक्काची मर्यादा शहरांत शेंकडा 50 ठेविली. आणि तीही 2011 सालच्या शिरगणतीवरून. त्यानंतर पोटासाठीं शहरांत आलेल्यांचें काय?

उत्पन्नाची अट तर याहून विलक्षण. महाराष्ट्र सरकारनें 2013 सालीं शहरी कुटुंबासाठीं वर्षाला 59,000 रुपयांची मर्यादा ठरविली. आमच्या व्यापारी वाचकांनींच हिशेब करावा: महिन्यास पांच हजारही पडत नाहींत! मुंबईसारख्या शहरांत खोलीचें भाडें देऊन एवढ्यांत कोणतें कुटुंब जगेल? म्हणजे जो हमाल पाठीवर पोतीं वाहून याहून थोडें अधिक मिळवील, तो या मापानें गरीबच नव्हे!

बरें, ज्यांस शिधा मिळतो त्यांच्या पदरीं मुख्यतः गहू व तांदूळ पडतो. डाळ, भाजी व दूध बाजारभावानेंच घ्यावें लागतें. महागाई झाली कीं प्रथम तेंच ताटांतून जातें, आणि त्याची उणीव मुलांच्या हाडांत दिसते.

खर्चाची सबब पुढें करणाऱ्यांस आम्ही एक उदाहरण देतों. 26 जानेवारी 2020 रोजीं शिवभोजन योजना सुरू झाली. पोळ्या, भाजी, वरण व भात अशी थाळी 10 रुपयांस मिळूं लागली. शहरांत थाळीमागें उरलेले 40 रुपये सरकारनें सोसले. चौरस जेवण देतां येतें, हें त्यावरून सिद्ध झालें.

अन्नछत्र घालण्याची आपल्या व्यापारीवर्गाची परंपरा जुनी व भूषणावह आहे. परंतु दया हा हक्काचा पर्याय नव्हे. उत्पन्नाची मर्यादा दरसाल महागाईप्रमाणें बदलावी व डाळ कायद्याच्या हक्कांत यावी, अशी मागणी व्यापारी मंडळांनीं एकमुखानें केली, तर ती कोणत्याही अन्नछत्राहून मोठी सेवा होईल, असें आमचें स्पष्ट मत आहे.