पाटी बदलली, चौथीच्या वर्गाचं काय?

महापालिकेची शाळा सुधारायची म्हटलं की आधी रंगारी येतात. मग संगणक कक्ष, डिजिटल फळा, दारावर नवी पाटी. मुंबईत गेल्या काही वर्षांत पालिकेच्या शाळांना ‘मुंबई पब्लिक स्कूल’ हे नाव मिळालं, मोजक्या शाळा सीबीएसई, आयसीएसई मंडळांना जोडल्या गेल्या आणि प्रवेशासाठी सोडत काढायची वेळ आली. पालिकेच्या शाळेसाठी पालकांची झुंबड उडावी, ही लहान गोष्ट नाही. पण तेवढ्यावरून पडती शाळा सावरली असं म्हणता येत नाही. अर्ज भरून, सोडतीची वाट पाहणारी घरं ही मुलांच्या अभ्यासाकडे आधीपासून लक्ष देणारी घरं असतात. पट घसरलेली जुनी मराठी किंवा हिंदी माध्यमाची शाळा आहे तिथंच राहते. तिच्यात चौथीत बसलेल्या, पण दुसरीचा धडा वाचता न येणाऱ्या मुलाचं पुढे काय झालं, हीच सुधारणेची खरी परीक्षा.

हे मूल पटकन ओळखू येत नाही. त्याची वही भरलेली असते, अक्षरही सुबक असतं. फळ्यावरचं ते जसंच्या तसं उतरवतं आणि सगळ्यांच्या सुरात धडाही म्हणतं. एकट्याला समोर बसवून न शिकवलेला चार ओळींचा उतारा दिला, की ते पहिल्याच जोडाक्षरापाशी अडतं. 52 मधून 27 वजा करायला सांगितले तर 35 लिहितं, कारण दशक सुटा करायचा असतो हे त्याला कधी उमगलेलंच नाही. पाच मिनिटांत होणारी ही तपासणी वर्षानुवर्षं होत नाही. शिक्षकांपुढे एकाच वर्गात तीन-चार इयत्तांच्या पातळीची मुलं असतात आणि पूर्ण करायचा असतो तो चौथीचा ‘पोर्शन’.

यावरचा उपाय मुंबईतच पारखला गेला आहे, हे आपण विसरलो. 1995 मध्ये इथं सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने पालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली तरुणी, मानधन महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये. तिने मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास बाजूला घ्यायची आणि त्यांना येत असेल तिथून वाचन-गणित शिकवायचं. 2001 ते 2003 या काळात मुंबई आणि बडोद्यात अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचा काटेकोर अभ्यास केला. मुलांचे गुण वाढले, पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी जास्त. त्याहून बोलका निष्कर्ष दुसरा होता: ही मुलं बाहेर गेल्यावर वर्गात उरलेल्यांची संख्या कमी झाली, तरी त्यांच्या गुणांत फरक पडला नाही. म्हणजे नुसता वर्ग लहान करून भागत नाही. मुलाला जिथं अडलंय तिथून शिकवावं लागतं.

आता आक्षेप. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात फायद्याचा बराच भाग ओसरला, हे त्याच अभ्यासात आहे. ते खरंच आहे, आणि म्हणूनच हे काम एका वर्षाची मोहीम म्हणून करून चालत नाही. ‘सरकारी शिक्षकच शिकवत नाहीत’ हा दुसरा, आपला लाडका आक्षेप. बिहारमध्ये सुट्टीतल्या शिबिरात सरकारी शिक्षकांनीच ही पद्धत वापरली, तेव्हा मुलं शिकली. तेच शिक्षक वर्षभराच्या वेळापत्रकात परतले आणि परिणाम नाहीसा झाला, कारण तिथं पुन्हा ‘पोर्शन’ आला. हरियाणात मात्र रोज एक तास फक्त याच कामासाठी राखला, वरच्या अधिकाऱ्यांना त्यावर लक्ष ठेवायला लावलं आणि भाषेच्या गुणांत वाढ दिसली. माणसं तशीच होती, त्यांच्याकडून मागितलेलं काम बदललं होतं.

सर्वांत गंभीर आक्षेप मुलांवर बसणाऱ्या शिक्क्याचा. दिल्लीत 2016 नंतर वाचनक्षमतेनुसार मुलांचे गट केले, तेव्हा ‘हुशार’ आणि ‘ढ’ अशा तुकड्याच पडल्याची टीका झाली, आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. गट दिवसभरासाठी, वर्षभरासाठी पक्का केला की शिक्का बसणारच. एक-दोन तासांपुरता गट, दर काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी आणि वाचू लागलेलं मूल लगेच पुढच्या गटात, एवढं पथ्य पाळावं लागतं. चौथीत वाचता न येणं हाही शिक्काच आहे, फक्त तो कुणी मोठ्याने वाचून दाखवत नाही.

पालकांना इंग्रजी हवं, हेही रास्त. त्यांना दोष देणं सोपं आहे, पण आपल्या भाषेत उतारा न वाचणाऱ्या मुलाला परक्या भाषेतलं पुस्तक दिल्याने अडचण दुप्पट होते, एवढं त्यांना कुणीतरी स्वच्छ सांगायला हवं. शिक्षण हक्क कायद्यानुसार स्थापन झालेल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात. तिच्या बैठकीत शौचालय आणि गणवेशाबरोबर ‘चौथीतली किती मुलं गोष्ट वाचतात?’ हा प्रश्न यावा. त्याच कायद्याच्या कलम 27 ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळता इतर अशैक्षणिक कामं शिक्षकांना देऊ नयेत असं म्हटलं आहे. निवडणुकीचं काम कायद्यातच बसवलेलं असल्याने मतदार यादीच्या फेऱ्या चालूच राहतात, आणि मुख्याध्यापकाने वाचन-गणितासाठी एखादा तास राखलाच, तर तो बहुतेकदा तिथंच खर्ची पडतो.