वाकलेल्या सायकलस्वाराचे शिरस्त्राण

शर्यतीची सायकल चालवणाऱ्या माणसाकडे एकदा बाजूने पाहावे. त्याची सीट हँडलपेक्षा उंच असते, हात हँडलच्या खाली वळलेल्या भागावर असतात आणि पाठ जवळजवळ रस्त्याशी समांतर झालेली असते. अशा स्थितीत मान सैल सोडली, तर दृष्टी पुढच्या चाकावरच पडेल. समोरचा रस्ता दिसावा म्हणून त्याला मान मागे वाकवून हनुवटी उचलून धरावी लागते, आणि तीही तासन्‌तास. शिरस्त्राणाच्या निवडीतील बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून उद्भवतात. दुकानातील आरशासमोर ताठ उभे राहून शिरस्त्राण घालून पाहणाऱ्याला मात्र त्यांपैकी एकही जाणवत नाही. (बोलताना आपण सारेच हेल्मेट म्हणतो, परंतु ‘शिरस्त्राण’ या शब्दात वस्तूचे कामच सांगितलेले असल्याने येथे तोच ठेवला आहे.)

पूर्वीचे शर्यतपटू चामड्याच्या गादीदार पट्ट्यांची जाळी डोक्यावर बांधत. तिच्यामुळे कातडी सोलवटण्यापासून वाचे, याहून अधिक काही साधत नसे. 1975 मध्ये अमेरिकेतील बेल कंपनीने कठीण कवचाच्या आत फुगवलेल्या पॉलिस्टायरीनचा, म्हणजे आपण ज्याला थर्माकोल म्हणतो त्या पदार्थाचा, थर बसवला. आघात होताच हा थर चिरडला जातो आणि डोके एकाएकी न थांबता क्षणभर अधिक वेळ घेऊन थांबते. एकदा चिरडलेला थर पुन्हा फुगत नाही; म्हणून मोठ्या आघातानंतर शिरस्त्राण वरून धड दिसले तरी टाकून द्यावे लागते.

एवढे साधन हाती असूनही शर्यतपटूंनी ते सहजी स्वीकारले नाही. 1991 मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघाने सक्ती करताच पॅरिस-नीस शर्यतीत निषेध झाला आणि नियम मागे पडला. 1995 च्या तूर द फ्रान्समध्ये इटलीचा फाबिओ कासार्तेल्ली हा उतारावर पडून मरण पावला. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. शिरस्त्राणाने तो वाचला असता की नाही, यावर तेव्हा बराच वाद झाला. मार्च 2003 मध्ये कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह पॅरिस-नीसमध्येच पडून दगावला आणि त्याच वर्षी सक्ती आली. विरोध करणारे काही मूर्ख नव्हते. उकाडा आणि अडचण या त्यांच्या तक्रारी खऱ्या होत्या, आणि जे शिरस्त्राण त्रास देते ते माणूस नकळत मागे सारतो, ही त्यातील खरी धोक्याची बाब होय.

हे कसे घडते ते पाहू. शिरस्त्राणाची पुढची कड भुवयांच्या वर सुमारे दोन बोटे असावी, असा सर्वसाधारण नियम आहे. ताठ बसणाऱ्याला ती कड दिसतही नाही. वाकलेला स्वार मात्र भुवयांखालून, डोळे वर करून पाहतो. जाड कड किंवा टोपीसारखी झापड असेल तर नेमका दूरचा रस्ता झाकला जातो. मग तो शिरस्त्राण मागे ढकलतो, आणि पुढे तोंडावर पडल्यास जे कपाळ प्रथम आपटण्याचा संभव असतो, तेच उघडे पडते. म्हणून पुढची कड पातळ व वर कोरलेली पाहून घ्यावी आणि झापड असल्यास काढून टाकावी.

मागच्या बाजूचा त्रास याहून फसवा असतो. मान मागे वाकली की मानेचे स्नायू फुगतात व कातडीला घडी पडते. कवच मागे फार खाली उतरलेले असेल तर ही घडी त्याला वर उचलते आणि पुढची कड डोळ्यांवर येते. आवळण्याची चकती असलेली मागची पट्टी डोक्यामागच्या उंचवट्याच्या लगेच खाली बसली पाहिजे. त्याहून खाली ती स्नायूंवरच दाबते व तासाभरात डोके दुखू लागते. ही पट्टी वर-खाली सरकवता येते की नाही, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे. अंबाडा घालणाऱ्या स्त्रियांनी तर ते विचारलेच पाहिजे.

वजनाविषयी फार बोलले जाते. दोनशे आणि तीनशे ग्रॅममधील फरक हाताला क्षुल्लक वाटतो, पण पुढे झुकलेल्या डोक्याचा सारा भार मानेच्या मागच्या स्नायूंवर असल्याने लांबच्या प्रवासात तो कळतो. तरीही आकार बरोबर नसेल तर हलकेपणाचा उपयोग नाही. कोणाचे डोके लांबट, कोणाचे गोल असते. फितीने घेतलेला घेर दोघांचा सारखाच भरेल, पण एकाच शिरस्त्राणात एकाचे कपाळ चेपेल, तर दुसऱ्याच्या कानशिलांवर दाब येईल.

मागे निमुळती शेपटी असलेली शिरस्त्राणे वारा कापण्यासाठी असतात. 1989 च्या तूरमधील अखेरच्या 24.5 किलोमीटरच्या टप्प्यात ग्रेग लेमाँड तसे शिरस्त्राण घालून, तर लोराँ फिन्याँ उघड्या डोक्याने धावला. लेमाँडने ती शर्यत एकूण केवळ आठ सेकंदांनी जिंकली. त्याचे हँडलही निराळे होते, तेव्हा सारे श्रेय शिरस्त्राणाला देता येत नाही. शिवाय मान खाली जाताच ती शेपटी वाऱ्यात उभी राहते. दिवसभर सायकल चालवणाऱ्याने तिच्या मोहात पडू नये.

प्रमाणित असल्याची खूण आतल्या बाजूस असते. ती आघाताविषयी सांगते, मानेविषयी नाही. मानेची परीक्षा आपणच घ्यावी. दुकानात सायकल नेणे शक्य नसेल तर स्टुलावर हात टेकून, नेहमीचा चष्मा लावून, तेवढेच वाकावे आणि समोरच्या भिंतीवरील एखाद्या खुणेकडे दहा मिनिटे पाहत राहावे. दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्यावे.